कातरीनच्या घरचे सात वार

या, असे पुढे सरका. मागे बसून अर्धवट ऐकू नका. अर्धवट ऐकण्यानं काय होतं तेच आज सांगायचं आहे. कीर्तनाला बसतो तसे बसा, चपला बाहेर आणि मन आत. गोष्ट निर्मळच्या वाडीतली आहे, ताजी आहे, आणि तिच्यात राजा नाही की राक्षस नाही. एक शहात्तर वर्षांची बाई आहे, एक पडकं जोतं आहे आणि दोन अक्षरांचा एक शब्द आहे. त्या दोन अक्षरांनी या बाईला जेवढं पळवलं, तेवढं तिच्या नातवंडांनीही कधी पळवलं नव्हतं.

बाईचं नाव मर्सी. माहेर आणि सासर एकाच गावात, मधे दोन केळीच्या वाड्या. माहेरचं जुनं घर म्हणजे तिचे वडील बस्त्याव आणि आई कातरीन यांचं घर. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी रस्त्याकाठी नवं घर बांधलं, जुन्याची कौलं आणि वासे काढून नेले आणि भिंती पावसाच्या हवाली केल्या. चार-सहा पावसाळ्यांत भिंती मातीला मिळाल्या. उरलं ते दगडी जोतं. त्यावर घाणेरी माजली, विंचवांनी संसार थाटला, आणि मर्सीचा धाकटा भाऊ बर्नार्ड वाडीतला पालापाचोळा त्याच्यावर नेऊन टाकू लागला.

अशा त्या जोत्याचं गेल्या हिवाळ्यात नशीब उघडलं. शहरातून अभ्यासकांची एक तुकडी आली. लोकांनी सोडून दिलेली खेड्यातली घरं खणायची आणि त्यांत माणसं कशी राहत होती ते शोधून काढायचं, असा त्यांचा प्रकल्प. त्यांनी घाणेरी तोडली, सुतळीचे चौकोन आखले, आणि खराट्यानं झाडायचं अंगण दात घासायच्या ब्रशानं झाडायला घेतलं. मर्सीला मोठी गंमत वाटली. ती रोज चहाची किटली आणि सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, डबा घेऊन जायची आणि जोत्याच्या कडेला पाय सोडून बसायची.

"अगं पोरी, त्याला कसला नंबर देतेस? ते कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं आहे."

ती पोरगी म्हणजे नेहल. बोरिवलीची, हुशार, मराठी बोलायची पण निम्मं हिंदीच्या खांद्यावर हात टाकून. ती हसायची आणि वहीत लिहिलेलं 'विधीचे पात्र?' खोडून 'कोंबड्या' असं लिहायची. मर्सीनं शब्द टाकावा आणि नेहलनं तो झेलावा, असे पंधरा दिवस गेले. आपण सांगतो ते लिहून घेतलं जातं याचं सुख मर्सीला म्हातारपणी पहिल्यांदाच मिळत होतं.

त्यांच्यात गावचाही एक होता, जेन्सन. मर्सीच्या चुलतभावाचा नातू. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, त्यावर 'लोकल कोऑर्डिनेटर'. गावातलं कुणाचं बोलणं नेहलला कळलं नाही तर ते समजावून सांगायचं, हे त्याचं काम. पोरगा इंग्रजी शाळेतला. घरी आई-बापाशीही मुंबईचं मराठी बोलायचा.

एक दिवस त्यांनी मागच्या न्हाणीचा दगड उचलला. खाली एका ओळीत सात मातीची भांडी, मुठीत घेतलेल्या जपमाळेच्या मण्यांसारखी एकाला एक लागून. मर्सी उठून उभी राहिली. तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. नेहलनं पटकन फोन पुढे धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आंटी, ये क्या है? तुम्हाला माहीत आहे?"

"मला नाय तर कुणाला म्हाईत? माझ्या आयचे सात वार हितं पडले गं. सातच्या सात. आन् बाबांनीच पुरले, आपल्या हातांनी, ह्या दगडाखाली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय."

आता तुम्ही म्हणाल, यात काय? बाळ जन्मलं की मागोमाग वार पडते, ती पडेपर्यंत सुईणीचा जीव टांगणीला असतो, हे आयाबायांना सांगायला नको. पुस्तकात ती वार स्त्रीलिंगी. एक वार, दोन वारा. पण मर्सीच्या घरी पुस्तकाला कोण विचारतो? वार पडला, वार पुरला, झालं. नवव्या महिन्यात कुंभाराकडून झाकणाचं बोळकं आणून ठेवायचं, वार त्यात घालायची आणि न्हाणीखाली पुरायची. वर आंघोळीचं पाणी पडत राहिलं की बाळंतिणीचं दूध आटत नाही, असा जुन्या बायकांचा विश्वास.

नेहलनं मात्र तोंडावर हात ठेवला. हळू आवाजात विचारलं, "तुम्ही तेव्हा केवढ्या होता?"

"पहिल्याला मी कशी असणार? पहिला वार तर माझाच! बाकीच्यांना होते ना. मागच्या पडवीत बसून आयच्या किंकाळ्या ऐकायच्या. बाबा आत-बाहेर करायचे, घाम पुसत."

नेहलचे डोळे भरून आले. तिनं मर्सीला घट्ट मिठी मारली. किती मायाळू पोर, मर्सीच्या मनात आलं, बाळंतपणाचं नुसतं ऐकून रडते. हिचं कसं व्हायचं! आणि तिनं नेहलच्या हातात दोन सुकेळी जास्त ठेवली.

तीन आठवडे गेले. रविवारी मिस्सा आटोपून मर्सी देवळाच्या पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात तिची बालमैत्रीण मार्था पुढे आली आणि तिनं मर्सीचा हात दोन्ही हातांत धरला.

"मर्सी, एवढं सोसलंस गं! कधी कळू दिलं नाहीस."

"काय सोसलं?"

"बस्त्यावकाका असे असतील वाटलं नव्हतं बाय. उपवासकाळात केवढं गोड गायचे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं."

"मार्था, सकाळी गोळी घेतलीस का?"

मार्थानं पिशवीतून फोन काढला. पापडीच्या एका हॉलमध्ये पुढच्या रविवारी प्रदर्शन उघडणार होतं, त्याच्या पाटीचा फोटो गावभर फिरत होता. वर सात भांडी. खाली ठसठशीत अक्षरं: 'सात वारांचं घर. घरातल्या हिंसेची मातीत दडलेली साक्ष. मुलीने सांगितल्यानुसार, पित्याने मातेवर सात वार केले व...'

पुढचं मर्सीला वाचवलं नाही. चष्म्याला काय झालं म्हणून तिनं तो पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तीच होती. बस्त्याव, ज्यानं उभ्या आयुष्यात बैलावर चाबूक उगारला तरी आधी त्याची माफी मागितली, तो बस्त्याव खुनी! आणि कातरीन, जी एक्क्याण्णव साली सगळ्या लेकरांच्या गराड्यात डोळे मिटून देवाघरी गेली, ती न्हाणीखाली!

सोमवारी मर्सी त्या तुकडीच्या मोठ्या सरांना गाठायला पापडीला गेली. सर मीटिंगमध्ये आहेत. मंगळवारी गेली. सर साइटवर आहेत. "कुठल्या साइटवर?" "निर्मळला." म्हणजे जिथून ती रिक्षा बदलत आली होती तिथेच. ती परत निर्मळला पोचली तर सर पापडीला निघून गेलेले. देवा, तू योनाला माशाच्या पोटात तीन दिवस ठेवलंस, पण निदान एका जागी ठेवलंस, असं ती रिक्षात मोठ्यानं म्हणाली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

बुधवारी ती सकाळीच हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसली. प्रथम नेहल आली, मागून जेन्सन.

"माझ्या बाबांनी खून केला असं मी कधी सांगितलं गं तुला?"

नेहल गोंधळली. तिनं फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं. मर्सीचा स्वतःचा आवाज हॉलमध्ये घुमला: सात वार हितं पडले... बाबांनीच पुरले... पहिला वार तर माझाच... किंकाळ्या... मर्सीनं तो पहिल्यांदा परक्याच्या कानांनी ऐकला. मग हसू की रडू कळेना म्हणून दोन्ही केलं.

"अगं वार! बाळाचा वार! पोटातनं पडतो तो!"

नेहल जेन्सनकडे वळली. "तू बोला था, वार म्हणजे स्टॅब."

"मग काय म्हणू? वार म्हणजे वारच ना!" जेन्सनचे कान लाल झाले. "दुसरा वार मला फक्त सोमवार-मंगळवार माहीत आहे."

"गाढवा, तुझाही एक पडलेला. विचार तुझ्या आयला."

"आंटी, आमचं हॉस्पिटलमध्ये झालं."

"मग हॉस्पिटलात पडला! पडल्याशिवाय का तुझी आय उठून बसली?"

नेहलनं मर्सीचे पाय धरले. खरोखर धरले, नाटक नव्हतं. "चूक माझी आहे आंटी, मी परत विचारायला हवं होतं," एवढं ती शुद्ध मराठीत म्हणाली. मर्सीचा राग तिथेच अर्धा विरघळला. चूक कबूल करणाऱ्यावर किती वेळ रागवायचं? उरलेला अर्धा मात्र दुपारी आलेल्या मोठ्या सरांसाठी लागणार होता.

सर सभ्य होते. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि खुनाची पाटी उतरवायला लावली. मर्सीनं देवाचे आभार मानायला हात जोडले, तोच ते म्हणाले, "पण ही वारेची बोळकी आहेत, हे कशावरून?"

"मी सांगते ना."

"मागच्या वेळीही तुम्हीच सांगितलं होतं, आजी. एका शब्दावर विसंबून आम्ही तोंडघशी पडलो. आता मला पुरावा हवा. आता तुमचं बोलणं चालणार नाही."

बघा न्याय! ऐकणाऱ्यानं चुकीचं ऐकलं, आणि शिक्षा सांगणाऱ्याच्या जिभेला.

"बोळक्यांत बघा की. मीठ-हळद घालून ठेवायची आमची सुईण, हंसाकाकी."

सरांनी नेहलकडे पाहिलं. नेहलनं जमिनीकडे पाहिलं. बोळकी ब्रशानं घासून, तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून ठेवली होती.

"धुतली?" मर्सीचा आवाज चिरकला. "ज्यात काही होतं ते धुऊन टाकलं, आन् आता मला विचारता काय होतं?"

कागद आणा, सर म्हणाले. मुलांच्या जन्माचा काहीही कागद. तेव्हा गुरुवारी मर्सी धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यालयात गेली आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या काढायला लावल्या. कारकुनानं 'उद्या या' म्हटलं, तर ती म्हणाली, "उद्या मी मेले तर माझ्या मरणाची नोंद तरी आज करून ठेव." त्यानं वह्या काढल्या.

कातरीन आणि बस्त्याव यांची मुलं. एक, मर्सी. दोन, तीन दिवस जगलेला इनास. त्याच्या नावापुढे फादरांनी लिहिलं होतं, 'बाप्तिस्मा सुईण हंसा हिने दिला'. ही हंसाकाकी शेजारच्या गावची, हिंदू. बाळ जगत नाही असं दिसलं तर फादर यायच्या आत डोक्यावर पाणी घालून कोणते शब्द म्हणायचे, ते फादरांनीच तिला शिकवून ठेवलं होतं. ती ते शब्द म्हणायची आणि मग स्वतःच्या देवालाही हात जोडायची. एवढ्याशा जिवासाठी दोन दारं ठोठावलेली बरी, म्हणायची. पुढे तिसरा, आणि मग आणखी तीन, त्यांतला शेवटचा बर्नार्ड. मर्सीनं बोट ठेवून मोजलं. सहा.

तिला माहीत होतं सहाच निघणार. तरीही तिनं पुन्हा मोजलं.

शुक्रवारी सरांचा चेहरा खुलला. "वा! सहा नोंदी, आणि सहा बोळकी एकाच घडणीची, झाकणासकट. काय सुंदर जुळलं! आणि हे सातवं," त्यांनी ओळीतलं चौथं भांडं उचललं, "हे वेगळंच आहे, बघा. लांबट, गळ्याला दोरी बांधायची खाच, आत पाण्यातल्या क्षारांचे थर. हे रहाटाचं गाडगं, विहिरीतून पाणी उपसणाऱ्या माळेतलं. इथे चुकून आलं. हे आपण शेतीच्या अवजारांत ठेवू. सगळं जुळलं."

"नाय जुळलं सायेब."

"का?"

मग मर्सीनं ते सांगितलं, जे कातरीननं मरेपर्यंत उच्चारलं नाही आणि मर्सीनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मर्सी आठ वर्षांची होती. कातरीनला सातव्या महिन्यातच कळा आल्या, भर दुपारी, वाडीत; तिला घरात आणलं. बोळकं आणलेलं नव्हतं. ते नवव्यात आणायचं. हंसाकाकी धावत आली तोवर मुलगी जन्मली होती, आणि श्वास नव्हता. हंसाकाकीनं तिला उलटं धरलं, पाठीवर थापलं, तोंडात फुंकलं. पाण्याचा तांब्या भरलेला होता. पण मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, हे फादरांनी तिला शिकवलं होतं, आणि तिनं दिलेला शब्द मोडला नाही. तांब्या तसाच राहिला. त्या काळी बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला दफनभूमीत जागा नसे. आता देऊळमातेनं, म्हणजे चर्चनं, मन मोठं केलं आहे, तेव्हा केलं नव्हतं. बस्त्याव मुलीला टोपलीत घेऊन गेला. कुठे ठेवून आला ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. पण वार घरात होती, तिला भांडं हवं होतं. तो विहिरीवर गेला, रहाट थांबवला, एक गाडगं सोडलं आणि घेऊन आला.

"तवापास्नं रहाटाला एक गाडगं कमी. बाबांनी दुसरं बांधलं नाय. रहाट फिरला की पाणी पडायचं, पडायचं, आन् मधीच एक घास रिकामा. आय तवा केळीला पाणी लावत असली तर फावडं थांबवायची. एवढंच. तिचं रडणं तेवढंच होतं, सायेब."

नेहल भिंतीकडे तोंड करून उभी होती. सरांनी गाडगं हातात फिरवलं. मग म्हणाले, "गोष्ट हृदयद्रावक आहे, आजी. पण नोंद नाही."

"नोंद कशी असंल? नावच नव्हतं तिला!"

"तेच म्हणतोय मी."

"मग हे गाडगं न्हाणीखाली चालत आलं? विहीर घराच्या त्या अंगाला!"

"पुनर्वापर झाला असेल."

"अहो तेच तर सांगते मघापास्नं!"

"पण कशासाठी झाला हे सिद्ध होत नाही." त्यांनी गाडगं अलगद टेबलावर ठेवलं. "तुमच्या वडिलांचं नाव निघालंय ना त्यातून? मग?"

बर्नार्डही घरी तेच म्हणाला. "बाबा सुटले ना? मग सहा तर सहा. गावात आणखी शोभा कशाला?"

"तू सातवा आहेस," मर्सी म्हणाली.

"म्हणजे?"

"शेंडेफळ म्हणून लाड घेतलेस ना जन्मभर? तू सातवा आहेस. सहावा नाय. आज जाऊन सहावा होतोस?"

 तरी बर्नार्ड सरांकडे आला नाही. शनिवारी मर्सी एकटीच गेली. पाटी छापायला गेलीय, म्हणाले. छापखान्यात गेली तर छापून झाली होती. 'एका कुटुंबाच्या सहा जन्मांच्या खुणा.' कागद ओला होता. तिनं त्यावर बोट टेकवलं तर शाई बोटाला लागली, अक्षर मात्र पुसलं गेलं नाही.

रविवारी प्रदर्शन उघडलं. फुलं, समई, फादरांचा आशीर्वाद, मान्यवरांची भाषणं. सहा बोळकी निळ्या मखमलीवर, दिव्याखाली. मर्सी तिकडे फिरकलीच नाही. ती हॉलच्या टोकाला, नांगर-कोयत्यांच्या काचेच्या पेटीपाशी उभी राहिली. जो येईल त्याला सांगू लागली, "हे रहाटाचं नाय हो. म्हणजे रहाटाचंच, पण..." लोक थांबत, मान हलवत आणि 'पण' संपायच्या आत पुढे सरकत. एका बाईनं तिला स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं. तासाभरानं तिचा घसा बसला. सरांनी दुरून खूण केली, जेन्सन खुर्ची घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "आंटी, सर म्हणतात इथे कॉमेंटरी नको."

"आन् तू काय म्हणतोस?"

जेन्सननं ओळखपत्र पालथं केलं, सरळ केलं. "मी आईला विचारलं. माझ्या आधी एक होता, मेलेलाच जन्मला, म्हणाली. हॉस्पिटलवाल्यांनी सगळंच नेलं, दाखवलंसुद्धा नाही." त्यानं खुर्ची मांडली आणि स्वतः तिच्याशेजारी उभा राहिला.  बोलायची त्याला मनाई होती.

संध्याकाळी नेहल आली. "आंटी, पाटीवर नाही आलं. पण माझ्या वहीत सगळं लिहिलंय. सात. तिची तारीख नाही, पण दुपार लिहिलीय."

"वही कोण वाचतं?"

नेहलनं खोटं सांगितलं नाही. "कोणी नाही," म्हणाली.

मर्सीनं काचेवर तळहात ठेवला. आतलं गाडगं स्वच्छ होतं, घासूनपुसून, कशाचाही वास नसलेलं. बाहेर दिवे मालवायला लागले तशी ती रिक्षा पकडायला निघाली.

तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढं करा. कधी पापडीला गेलात तर मखमलीपाशी हवं तर थांबा, पण मग टोकाला जा. नांगराशेजारी एक लांबट गाडगं आहे, खाली लिहिलं आहे, 'रहाटाचे गाडगे. सिंचन.' बाप्तिस्म्याच्या वहीत ती नाही, पाटीवर नाही, दफनभूमीत नाही. देवाच्या मोजणीत असणार, त्याची काळजी आपल्याला नको. आपल्याकडे मात्र तिला तुमच्याखेरीज ठिकाण नाही. नाव ठेवायच्या आधीच गेली, म्हणून नावानं हाक मारता येणार नाही. कातरीनची चौथी, एवढंच म्हणा. रात्रीच्या प्रार्थनेत आपली माणसं मोजाल ना, तेव्हा त्यांच्यात तिलाही आठवा.